सिस्टर म्हणतात, ‘आली ऑडिटवाली’

पत्र

ताई, नमस्कार. मी फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) केलंय आणि नाशिकमधल्या एका दीडशे खाटांच्या खासगी हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल फार्मसिस्ट आहे. रोज तीस-पस्तीस फायली तपासते, ड्रग चार्टमधल्या चुका फॉर्मवर उतरवते आणि महिनाअखेरीला क्वालिटी विभागाला आकडे देते. मागच्या महिन्यात राउंडला एका आजोबांचं अ‍ॅमिकासिन हे अँटिबायोटिक चालू होतं आणि किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं होतं. मी म्हटलं, ‘सर, हा डोस चुकीचा आहे.’ सर पेशंटच्या मुलासमोरच म्हणाले, ‘तुम्ही तुमचं मेडिकल सांभाळा.’ त्याच आठवड्यात माझ्या रिपोर्टवरून एका सिस्टरला मेमो मिळाला. सकाळी दहाचं अँटिबायोटिक साडेअकराला दिलं, एवढंच कारण. तेव्हापासून मी वॉर्डात शिरले की कुजबुज सुरू होते, ‘आली ऑडिटवाली.’ माझ्या कोटावर ‘डॉ.’ लिहिलंय, त्यावरूनही टोमणे ऐकते. पगार बेताचा. आई म्हणते, त्यापेक्षा स्वतःचं मेडिकल टाक. मैत्रिणी पुण्यात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांमध्ये आहेत, त्यांना शनिवार-रविवार सुट्टी असते. डॉक्टर आणि सिस्टर आम्हाला नेमकं काय समजतात? थांबू की जाऊ?

उत्तर

प्रिय मुली,

आधी एक गोष्ट ठामपणे सांगते. त्या आजोबांच्या बाबतीत तू बरोबर होतीस. अ‍ॅमिकासिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि मूत्रपिंडालाच इजा करतं. क्रिएटिनिन वाढत असताना तोच डोस तेवढ्याच अंतराने चालू ठेवणं धोक्याचं असतं. ते तुला दिसलं, तू बोललीस. न बोलता पुढच्या फाइलकडे गेली असतीस, तर मला जास्त वाईट वाटलं असतं. सरांनी नातेवाइकांसमोर जे उत्तर दिलं, ते कुठल्याच सहकाऱ्याला देऊ नये असं होतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. मी डॉक्टरही नाही आणि फार्मसिस्टही नाही. आयसीयूत सिस्टर होते, पुढे इन्चार्ज झाले, मग मॅट्रन. त्यामुळे डॉक्टर तुझ्याबद्दल काय म्हणतात हे मी राउंडच्या मागे उभी राहून ऐकलंय आणि सिस्टर काय म्हणतात हे ड्यूटी रूममध्ये.

डॉक्टरांचं आधी सांगते, कारण ते त्या मानाने सोपं आहे. आपल्या देशात फार्म.डी. सुरू झालं २००८ साली. सहा वर्षांचा अभ्यासक्रम, म्हणजे पहिली तुकडी बाहेर पडली ती २०१४च्या सुमारास. त्याआधी १९९६-९७च्या आसपास म्हैसूर आणि उटीच्या जेएसएस कॉलेजांनी फार्मसी प्रॅक्टिसचं पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं होतं, पण त्यातून तयार झालेली माणसं मोजकीच. तुझे पंचावन्न वर्षांचे कन्सल्टंट जेव्हा रेसिडेंट होते, तेव्हा त्यांच्या वॉर्डात क्लिनिकल फार्मसिस्ट नावाचं माणूस फिरतच नव्हतं. त्यांनी फार्मसिस्ट पाहिला तो खिडकीपलीकडे, औषधांच्या रॅकसमोर. तुझ्या पदवीत काय शिकवतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही आणि त्यांनी कधी विचारलेलंही नाही. ‘तुमचं मेडिकल सांभाळा’ हे त्या जुन्या चित्रातून आलेलं वाक्य आहे.

पण एवढंच कारण नाही. पेशंट सरांच्या नावावर दाखल असतो. काही बरंवाईट झालं तर ग्राहक आयोगाची नोटीस त्यांना येते, नातेवाईक त्यांच्या केबिनबाहेर जमतात. अशा माणसाला मुलासमोर ‘डोस चुकीचा’ म्हटलं की त्याला आजोबांचं मूत्रपिंड दिसत नाही, मुलाचा बदललेला चेहरा दिसतो. पेशंटचा विश्वास उडाला तर उपचार लांबतात, ही त्याची भीतीही अगदीच खोटी नाही.

दुसरं असं की फार्मसिस्टकडून येणाऱ्या सूचनांचा डॉक्टरांना एक अनुभव असतो. मोबाइलमधलं अ‍ॅप उघडायचं, बारा औषधं टाकायची आणि नऊ ‘इंटरॅक्शन’ची, म्हणजे औषधांच्या एकमेकांवरच्या परिणामांची यादी सरांपुढे धरायची, असं करणारे तुझे भाऊबंद मी पाहिलेत. त्या नऊपैकी सात डॉक्टरांना माहीत असतात आणि त्यांनी जाणूनबुजून स्वीकारलेल्या असतात. उरलेल्या दोनांत एखादी खरोखर जीवघेणी असते. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक सुरू केलं आणि पेशंट घरी नैराश्यावरचं एस्सिटालोप्राम घेत होता हे कुणाच्या लक्षात आलं नाही, अशी. ती एकटी सांगितलीस तर डॉक्टर थबकतात. नऊंच्या गर्दीत ती हरवते, आणि पुढच्या वेळी तुझा आवाजच ऐकू येईनासा होतो.

वेगवेगळ्या देशांत डॉक्टरांना याबद्दल विचारलं गेलंय आणि उत्तराचा सूर बराचसा सारखा आहे. औषधाची माहिती द्यावी, डोस तपासावा, पेशंटला समजावून सांगावं, इथपर्यंत बहुतेकांना फार्मसिस्ट हवा असतो. उपचार बदलण्याची गोष्ट निघाली की ते आखडतात. आणि ज्यांनी क्लिनिकल फार्मसिस्टबरोबर प्रत्यक्ष काम केलंय, त्यांचं मत न केलेल्यांपेक्षा चांगलं असतं. म्हणजे सरांचं मत बदलण्याचा रस्ता तुझ्या त्यांच्यासोबतच्या रोजच्या कामातूनच जातो.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या आयसीयूचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. तो तुला शिकवलाही असेल. तिथे एका अनुभवी फार्मसिस्टला सकाळच्या राउंडला डॉक्टरांसोबत उभं केलं. ऑर्डर लिहिण्यातल्या चुकांमुळे होणारे, टाळता येण्यासारखे दुष्परिणाम ६६ टक्क्यांनी कमी झाले. मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑर्डरबद्दल त्या फार्मसिस्टने ३६६ सूचना केल्या आणि डॉक्टरांनी त्यातल्या ३६२ मान्य केल्या. तिथले डॉक्टर स्वभावाने इथल्यांपेक्षा नम्र असतील असं मला वाटत नाही. सूचना ऑर्डर लिहिली जात असताना आली. पेन अजून हातात होतं, काही खोडायचं नव्हतं, कुणाला चूक कबूल करायची नव्हती.

तुझं काम नेमकं उलटं मांडलंय. तू फाइल उघडतेस तोवर ऑर्डर लिहून झालेली असते, बऱ्याचदा डोसही जाऊन चुकलेला असतो. मग तुझ्या हातात नोंद करण्यापलीकडे काही उरत नाही. हा दोष तुझा नाही. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या मानांकनासाठी हॉस्पिटलला औषधांच्या चुकांचे आकडे दाखवावे लागतात, म्हणून तुला घेतलं आणि आकडे गोळा करायला बसवलं. सहा वर्षं औषधशास्त्र शिकलेल्या मुलीला रकाने भरायला लावायचं, याचा मला मनापासून राग येतो.

आता अ‍ॅमिकासिनची तीच गोष्ट पुन्हा घडली तर काय करशील ते सांगते. आदल्या संध्याकाळी किंवा राउंडच्या अर्धा तास आधी आरएमओला, म्हणजे निवासी डॉक्टरला गाठ. आपल्याकडच्या खासगी हॉस्पिटलांत चोवीस तास वॉर्ड सांभाळतो तो आरएमओ. सर येतात, वीस मिनिटं थांबतात आणि दुसऱ्या हॉस्पिटलकडे निघतात. रात्री अडीचला फोनवर ऐकून चार्टवर औषध चढवतो तो हाच मुलगा किंवा हीच मुलगी, आणि चुकीची भीतीही सगळ्यात जास्त त्यांनाच असते. ते तुझ्याच वयाचे असतात. तुझी पहिली मैत्री तिथे व्हायला हवी.

मग राउंडला पेशंटच्या खोलीत शिरण्याआधी, बाहेरच्या ट्रॉलीपाशी, हळू आवाजात: ‘सर, सात नंबरचे आजोबा. वय ७२, वजन ४८, क्रिएटिनिन आज २.३. किडनीचा क्लिअरन्स वीसच्या आसपास येतोय. अ‍ॅमिकासिनचा पुढचा डोस दोन वाजता आहे. लघवीच्या कल्चरमध्ये सेफ्ट्रियाक्झोन सेन्सिटिव्ह आलंय, त्याला किडनीसाठी डोस कमी करावा लागत नाही. काय करूया?’ एवढं बोलायला अर्धं मिनिटही लागत नाही. यात ‘चूक’ हा शब्द कुठे आला नाही, पण निर्णयाला लागतं ते सगळं आलं: आकडा, वेळ, पर्याय. निर्णय सरांचा राहिला. ते ‘नाही’ म्हणाले तर कारण विचार, कारण कधी कधी त्यांना पेशंटबद्दल असं काही ठाऊक असतं जे फाइलमध्ये नसतं. आणि कारण पटलं नाही आणि धोका मोठा असला, तर तिथे गप्प बसायचं नाही. केसीएलचा (पोटॅशियम क्लोराइडचा) अँप्युल थेट शिरेत द्यायची ऑर्डर दिसली, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच्या ऐवजी रोज लिहिलेलं दिसलं, तर नातेवाईक उभे असोत, मुख्यमंत्री उभे असोत, सिस्टरचा हात धर आणि थांबव. मानापमान नंतर बघता येतो.

सिस्टरांचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तुझ्या पत्रात मला खरी गाठ तिथेच दिसते.

औषधाची साखळी कशी असते बघ. डॉक्टर लिहितात, आरएमओ उतरवतो, इंडेंट म्हणजे औषधांची मागणी खाली जाते, मेडिकलमधून औषध वर येतं, सिस्टर ते तयार करते आणि देते. पाच-सहा जागी चूक होऊ शकते. पण पेशंटच्या अंगात औषध जातं तेव्हा तिथे एकच माणूस उभं असतं आणि चार्टवर सही त्याची असते. म्हणून वरच्या कुठल्याही पायरीवरची चूक शेवटी सिस्टरच्या नावावर जमा होते. तुझा फॉर्म डॉक्टरला कधीच भोवत नाही. तो नेहमी तिलाच भोवतो.

दहाचं औषध साडेअकराला का दिलं, हे तू तिला विचारलं होतंस का? तुझ्या पत्रात ते नाही. मी पैजेवर सांगते, दहातल्या सहा वेळा उत्तर असतं, ‘वर आलंच नव्हतं.’ इंडेंट सकाळी साडेआठला टाकलेला असतो, खाली तो ब्रँड नसतो, पर्यायी ब्रँड द्यायला फोनवर होकार हवा असतो, सर ओटीत असतात, मावशी दोनदा खाली जाऊन रिकाम्या हातांनी परत येते. तोवर सिस्टरच्या बाजूला दोन अ‍ॅडमिशन आणि एक डिस्चार्ज झालेला असतो. सिस्टरला फार्मसी म्हणजे काय ठाऊक आहे? उशिरा येणारा इंडेंट, अडवून ठेवलेले रिटर्न आणि फोन न उचलणारा नंबर. त्या फार्मसीतून एक मुलगी कोट घालून वर येते आणि उशीर झाला म्हणून लिहून घेते. ‘ऑडिटवाली’ म्हणताना तिच्या मनात हे सगळं असतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: त्या दिवसाच्या इंडेंटची वेळ आणि औषध वर पोचल्याची वेळ काढ. फार्मसीच्या कॉम्प्युटरवर दोन्ही असतात. उशीर खालून झाला असेल तर ते कागद घेऊन मॅट्रनकडे जा आणि मेमो मागे घ्यायला सांग. लेखी सांग. त्यानंतर त्या सिस्टरला भेट आणि काय केलंस ते तिला सांग. ती लगेच गोड बोलेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. पण वॉर्डात ही बातमी दुपारच्या हँडओव्हरपर्यंत सगळ्यांना कळलेली असेल.

दुसरं, फाइल घेऊन काउंटरवर बसू नकोस. सकाळी सहाच्या किंवा रात्री आठच्या औषधांच्या वेळी ट्रॉलीबरोबर फिर. एका आठवड्यात तुला इतकं दिसेल की फॉर्मवर मावणार नाही. नाकात नळी असलेल्या पेशंटच्या गोळ्या सिस्टर खलात एकत्र कुटत असते. त्यात मेटोप्रोलोल या रक्तदाबाच्या औषधाची एक्सएल गोळी असते, जी दिवसभर थोडी थोडी सुटायची ती कुटल्यावर एकदम सुटते आणि तासाभरात नाडी खाली येते. त्यात अ‍ॅसिडिटीवरचं पँटोप्राझोल असतं, ज्याचं वेष्टन मोडलं की जठरातल्या आम्लात औषधाचा निकाल लागतो. शिवाय वेष्टनाचे कपटे नळीत अडकतात, आणि ती तुंबलेली नळी पहाटे सिरिंजने पाणी मारून मोकळी करायची किंवा बदलायची ती सिस्टरनेच. तिथे तू म्हटलंस, ‘सिस्टर, ही गोळी कुटू नका, मी सरांना विचारून साधी गोळी करून घेते आणि पँटोप्राझोलऐवजी नळीतून देता येईल असं काही मागवते,’ आणि संध्याकाळपर्यंत ते खरंच ट्रॉलीत आलं, तर तिचं एक काम तू कमी केलंस. हे ती विसरत नाही.

इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या एका मिलीत ४० युनिटच्या आणि पेनची काडतुसं १०० युनिटची. काही बाटल्याही १०० च्या येतात. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. रात्रपाळीला नारिंगी संपलेली असते, १०० च्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत भरलं की पेशंटला दहाऐवजी पंचवीस युनिट जातात. हे नव्या मुलींना कुणी नीट समजावलेलं नसतं. हँडओव्हरच्या वेळी पाच मिनिटं माग, दोन्ही सिरिंज हातात धरून दाखव. फिट्सवरचं फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये टाकलं की साका धरतो, म्हणून ते नॉर्मल सलाईनमध्येच. व्हँकोमायसिनच्या एका ग्रॅमला निदान तास द्यायचा, घाईने सोडलं तर पेशंट लालेलाल होतो. अशी एकेक गोष्ट, एका वेळी एकच. ज्या सिस्टर तीस वर्षं हे करत आल्यात त्यांच्याकडून तू सुद्धा विचारून घे. कुठल्या अँप्युलांची लेबलं एकमेकींसारखी दिसतात हे त्यांना तुझ्यापेक्षा आधी कळलेलं असतं. त्यांनी सांगितलं म्हणून तू खालचा रॅक बदललास, तर तो बदल त्यांच्या नावाने सांग.

दुष्परिणामांची नोंद हा आणखी एक पूल आहे. देशाचा फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याचा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला, १८००-१८०-३०२४ हा फुकट फोन. अंगावर पुरळ उठलं, रक्तातली साखर अचानक पडली, तर सिस्टर घाबरते की रिपोर्ट केला तर आपल्यावर येईल. तिला तो फॉर्म दाखव. रिपोर्ट करणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे, असं त्यावर छापलेलंच आहे. ‘तुम्ही फक्त मला हाक मारा, फॉर्म मी भरते,’ एवढं म्हण. डॉक्टरांनाही हेच सांग.

‘डॉ.’बद्दल थोडक्यात. पदवीचा अभिमान तुला असावाच. पण वॉर्डात पेशंटने कोटावरचं वाचून ‘डॉक्टर, माझं ऑपरेशन कधी?’ असं तुला विचारलं तर तो त्याच्यासाठीही गोंधळ आहे. ठळक अक्षरांत ‘क्लिनिकल फार्मसिस्ट’ लिही आणि तोंडाने तसंच सांग. या शब्दांना वजन यायचं असेल तर ते पेशंटच्या कानावर पडायला हवेत. डिस्चार्जच्या वेळी पेशंटजवळ दहा मिनिटं बसून कुठली गोळी कधी, कुठली बंद झाली, कुठली घरच्या जुन्या डब्यात आहे ती टाकून द्यायची, हे सांगितलंस तर पुढच्या ओपीडीत तो सरांना म्हणतो, ‘त्या औषधवाल्या मॅडमनी समजावलं.’ सरांचं मत त्यानेही बदलतं.

राहिला प्रशासनाचा प्रश्न, आणि तो सोडवल्याशिवाय बाकीचं फार टिकणार नाही. मेडिकल डायरेक्टरची वेळ घे आणि तीन गोष्टी माग. सगळ्या फायलींऐवजी आयसीयूचा राउंड रोज. चुकांच्या नोंदीत माणसाचं नाव नको, कारण आणि पायरी हवी. आणि तू सुचवलेल्या, डॉक्टरांनी मानलेल्या बदलांची वेगळी वही: काय सुचवलं, मानलं का, किती खर्च वाचला. इंजेक्शनवरून गोळीवर आणलेलं अँटिबायोटिक, उगीच चालू राहिलेलं दुहेरी औषध, सगळं त्यात येतं. पगाराची बोलणी करायला हीच वही लागते. ‘मी खूप काम करते’ याला कुणी पैसे वाढवत नाही.

थांबायचं की जायचं? मी सहा महिने दिले असते. या सहा महिन्यांत तुला राउंडला उभं राहू दिलं आणि मेमोची पद्धत बंद केली, तर थांब. पगार लगेच वाढला नाही तरी थांब, कारण तिथे शिकलेलं पुढे मोठ्या हॉस्पिटलात उपयोगी पडतं. प्रशासनाने मात्र तुला फॉर्म भरायलाच ठेवायचं ठरवलं असेल, तर तिथे झिजू नकोस. पुण्याचं काम कमी प्रतीचं नाही, तिथे आलेली नोंद कुठल्या तरी वॉर्डातूनच आलेली असते आणि वॉर्ड पाहिलेला माणूस ती जास्त चांगली वाचतो. दुसऱ्या हॉस्पिटलात अर्ज करणार असशील तर मुलाखतीत पहिला प्रश्न तू विचार: ‘इथे फार्मसिस्ट राउंडला जातो का?’ आणि आईला सांग, मेडिकल टाकायला परवाना आणि भांडवल कधीही उभं करता येईल, तो रस्ता बंद होत नाही. तिची काळजी पगाराची आहे, तिला वहीतले आकडे दाखव.